भाषाशिक्षणाची साधी साधने

मूल पुस्तक हाती घेऊन घडाघडा वाचू लागले म्हणजे त्यास वाचता येऊ लागले, असा समज चांगल्या सुशिक्षित घरांतूनही दृढ झालेला आढळतो. त्याच्या जोडीला आणखी दोन समज नांदत असतात. चुकलेला शब्द दहा वेळा लिहून काढला की शुद्धलेखन सुधारते, हा एक. आणि नाम, सर्वनाम, विशेषण यांच्या व्याख्या तोंडपाठ झाल्या की व्याकरण आले, हा दुसरा. या तीन समजांतून शाळेत तीन वह्या निर्माण होतात. वाचनाच्या प्रश्नोत्तरांची वही निराळी, शुद्धलेखनाची निराळी व व्याकरणाची निराळी. तिन्ही वह्या भरतात, त्यांवर सह्या होतात, आणि तरीही वर्षाअखेर एखादा अनोळखी परिच्छेद पुढे आला की विद्यार्थी गोंधळून जातो. वस्तुतः वाचलेले समजणे, शुद्ध लिहिणे आणि भाषेची रचना ओळखणे ही एकाच विद्येची तीन अंगे होत. ती एकाच उताऱ्यातून शिकविता येतात, आणि त्याकरिता लागणारी साधने इतकी स्वस्त आहेत की कोणत्याही शाळेस किंवा घरास त्यांची अडचण पडू नये.

हा प्रश्न केवळ गुणपत्रिकेपुरता नाही. ‘प्रथम’ या संस्थेच्या पुढाकाराने २००५ सालापासून ग्रामीण भारतात मुलांच्या वाचनाची जी पाहणी होत आली आहे, तिचे आकडे या बाबतीत बोलके आहेत. तिसऱ्या इयत्तेतील ज्या मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला, त्यांचे प्रमाण २०१८ साली शेकडा २७.३ होते, साथीच्या काळात शाळा बंद राहिल्यानंतर २०२२ साली ते २०.५ वर उतरले, आणि २०२४ साली २७.१ पर्यंत परत आले. म्हणजे चांगल्या वर्षीही चारांतील जवळजवळ तीन मुले एक इयत्ता मागेच होती. आणि ही चाचणी मुख्यतः मोठ्याने वाचण्याची आहे. वाचलेले कितपत उमगले, हा प्रश्न त्यापुढचा. शहरातील घरांचे दुखणे निराळ्या प्रकारचे. तेथे मूल घरी मराठी बोलते, शाळेत इंग्रजी वाचते, आणि मराठी पुस्तक समोर आले म्हणजे अक्षरे लावीत बसते. महाराष्ट्रात २०२० साली कायद्याने सर्व शाळांत मराठीचे अध्यापन सक्तीचे झाले. परंतु कायदा वेळापत्रकात तास मिळवून देऊ शकतो. त्या तासात काय घडावे, हे शिक्षकानेच ठरवावे लागते.

वाचन आणि आकलन यांत किती अंतर पडू शकते, हे पाहण्यास एक लहानसा प्रयोग पुरेसा आहे. पुढील दोन वाक्ये श्रोत्यांनी लक्षपूर्वक ऐकावीत. “काल सायंकाळी एक पिंगड झिंबू ढवेलीत लुंबला. त्याची खुंबी तेथेच राहिली.” आता प्रश्न. झिंबू कोठे लुंबला? ढवेलीत. तो कसा होता? पिंगड. केव्हा लुंबला? काल सायंकाळी. तेथे काय राहिले? खुंबी. चारही उत्तरे बिनचूक आली, आणि चारांपैकी चार गुण पदरात पडले. परंतु झिंबू म्हणजे काय, लुंबणे म्हणजे काय, हे उत्तर देणाऱ्यास ठाऊक नाही. असणे शक्यच नाही, कारण हे शब्द कोणत्याच कोशात सापडावयाचे नाहीत.

या प्रयोगातून दोन बोध निघतात. पहिला असा की, ज्या प्रश्नाचे उत्तर वाक्यातील एखादा शब्द उचलून देता येते, तो प्रश्न आकलनाची परीक्षा करीत नाही. पाठाखाली छापलेले कित्येक प्रश्न या जातीचे असतात. दुसरा बोध अधिक महत्त्वाचा, पण तो सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. त्या वाक्यांत अर्थ नव्हता, तरी उत्तरे देता आली; ती कशाच्या बळावर? व्याकरणाच्या बळावर. ‘ढवेलीत’ या शब्दातील ‘त’ या प्रत्ययाने स्थळ सांगितले; ‘लुंबला’ या रूपाने तो क्रियावाचक शब्द असल्याचे व झिंबू पुल्लिंगी असल्याचे सांगितले; ‘त्याची खुंबी राहिली’ येवढ्यावरून खुंबी स्त्रीलिंगी हेही कळले. हे व्याकरण मुलाने कोणत्याही पुस्तकातून पाठ केलेले नसते. ते त्याच्या कानात व जिभेवर आधीच नांदत असते. शिक्षकाचे काम ते नव्याने भरविण्याचे नसून, जे आहे ते मुलाच्या नजरेस आणून देण्याचे होय.

आता अर्थ असलेला एक उतारा घेऊ पाहता तो असा घेता येईल. “गोदा पहाटे विहिरीवर गेली. तिने पोहरा सोडला; तो वर आला तेव्हा त्यात तळाशी ओंजळभर गढूळ पाणी होते. तिने कळशी तशीच रिकामी उचलली आणि ती पाटलांच्या मळ्याकडे वळली. घरी धाकटे मूल तापाने फणफणले होते.” चारच वाक्ये, फळ्यावर सहज मावतील अशी. गोदा कोठे गेली, हा प्रश्न येथे विचारू नये असे नाही. अगदी मागे पडलेल्या मुलास धीर यावा म्हणून तो अवश्य विचारावा. परंतु तेथेच थांबता कामा नये. तिने कळशी रिकामी का उचलली? याचे उत्तर उताऱ्यात कोठेही शब्दाने दिलेले नाही. ‘ओंजळभर’ व ‘गढूळ’ हे दोन शब्द एकत्र आणल्यावाचून ते हाती लागत नाही. हा प्रसंग कोणत्या महिन्यातला असावा? येथे मुलास उताऱ्याबाहेरचे, स्वतःच्या गावचे किंवा आजोळचे ज्ञान आणावे लागते. ती पाटलांच्या मळ्याकडेच का वळली? आणि शेवटचे वाक्य गाळले तर काय उणे पडेल? हा शेवटचा प्रश्न सर्वांत कठीण व सर्वांत फलदायी. ते वाक्य नसेल तर गोदा दुसऱ्या दिवशी पुन्हा येऊ शकते; ते वाक्य आहे म्हणूनच तिला थांबता येत नाही. हे ज्या मुलास सांगता आले, त्याने उतारा खरोखर वाचला.

असे प्रश्न तीन पायऱ्यांचे असावेत. पहिल्या पायरीचे उत्तर ओळीत असते, दुसऱ्या पायरीचे दोन ओळी जोडल्याने मिळते, आणि तिसऱ्या पायरीचे उत्तर देण्यास उतारा व वाचकाचा अनुभव यांची सांगड घालावी लागते. शिक्षकाने धडा घेण्यापूर्वी तिन्ही पायऱ्यांचे दोन दोन प्रश्न कागदाच्या एका चिठोऱ्यावर लिहून आणले, तर महागड्या स्वाध्यायपुस्तिकेवाचून काही अडत नाही. मात्र दुसऱ्या व तिसऱ्या पायरीच्या प्रश्नास उत्तर मिळेपर्यंत थोडे थांबावे लागते. वर्गातील ती शांतता बहुतेकांस सोसत नाही, आणि शिक्षकच उत्तर सांगून मोकळा होतो. त्या क्षणी विचार करण्यास प्रवृत्त झालेली मुले पुन्हा ऐकणारी होऊन बसतात.

याच उताऱ्यात व्याकरण दडलेले आहे. ‘तो वर आला’ यातील ‘तो’ कोण, असे विचारावे. पोहरा, असे उत्तर येते. कशावरून? गोदा स्त्रीलिंगी, पाणी नपुंसकलिंगी, तेव्हा पुल्लिंगी असा पोहराच उरतो. पुढच्या वाक्यात मात्र मौज आहे. ‘तिने कळशी उचलली आणि ती मळ्याकडे वळली’ यातील ‘ती’ कोण? कळशीही स्त्रीलिंगी व गोदाही स्त्रीलिंगी. येथे लिंग साहाय्यास येत नाही. कळशी स्वतः चालत नाही, हे व्यवहारज्ञान निर्णय देते. सर्वनामाची व्याख्या न सांगता सर्वनामाचे सारे कार्य मुलाच्या ध्यानात येते. त्यापुढे ‘ते आले’ येवढेच दोन शब्द फळ्यावर लिहावेत. यातील ‘ते’ म्हणजे अनेक पुरुष असू शकतील, आदरार्थी एकच गृहस्थ असू शकेल, किंवा एखादे लहान मूलही असू शकेल. पुढचे वाक्य वाचल्यावाचून अर्थ ठरत नाही, हे मुलांनी स्वतः शोधून काढले म्हणजे त्यांना वाचनात मागेपुढे पाहण्याची सवय लागते.

जुन्या छापील पुस्तकांत ही संदिग्धता नव्हती. त्या काळी नपुंसकलिंगी एकवचन ‘तें आलें’ असे दोन्ही शब्दांवर अनुस्वार देऊन लिहीत, आणि पुल्लिंगी अनेकवचन ‘ते आले’ असे बिनअनुस्वाराचे. मराठी साहित्य महामंडळाने सुचविलेले १४ नियम शासनाने १९६२ साली मान्य केले, तेव्हा उच्चारात न येणारे असे अनुस्वार गेले. १९७२ साली आणखी ४ नियमांची भर पडली. घरात आजोबांच्या संग्रहातील एखादे जुने पुस्तक असेल, तर त्याचे एक पान हे उत्तम साधन होय. अक्षरांवरचे ते ठिपके कशाकरिता होते, हे मुलांना शोधू द्यावे. प्रत्येक ठिपक्यामागे लिंग, वचन किंवा विभक्ती यांपैकी काहीतरी सापडते, आणि नीरस वाटणारे व्याकरण एखाद्या गुप्त लिपीसारखे कुतूहलाचे होते.

मराठीच्या व्याकरणाची परंपरा काही कालची नव्हे. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे मराठी व्याकरण १८३६ साली प्रसिद्ध झाले. कवी केशवसुतांचे बंधू मोरो केशव दामले यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ साली आले. हे ग्रंथ शिक्षकाच्या टेबलावर असावेत. परंतु ग्रंथाचा जो क्रम, तोच मुलाच्या शिकण्याचा क्रम असे मानल्याने घोटाळा होतो. ग्रंथ व्याख्येपासून उदाहरणाकडे जातो. मुलाने उदाहरणापासून व्याख्येकडे जावे. त्याकरिता शब्दपट्ट्यांसारखे साधन नाही. प्रत्येक सुशिक्षित घरात लग्नसराईनंतर जाड कागदाच्या निमंत्रणपत्रिकांचा ढीग साचतो. त्यांच्या कोऱ्या पाठीवरून बोटभर रुंदीच्या पट्ट्या कापाव्यात. एकीवर ‘तिने’, दुसरीवर ‘पोहरा’, तिसरीवर ‘सोडला’ असे लिहून त्या मेजावर मांडाव्यात. मग ‘पोहरा’ काढून तेथे ‘घागर’ ठेवावी. मूल आपण होऊन ‘सोडला’ बदलून ‘सोडली’ मागते. ‘भांडे’ ठेविले तर ‘सोडले’. आता ‘तिने’ काढून ‘त्याने’ ठेवावे. क्रियापद जागचे हलत नाही. क्रियापद कोणाच्या आज्ञेत आहे, हे मुलाने डोळ्यांनी पाहिले. पुढे ‘गोदा गेली’ या वाक्यात गोदाऐवजी गोविंद ठेवला की लगेच ‘गेला’ म्हणावे लागते. तेथे आज्ञा कर्त्याची चालते. ‘त्याने मांजराला मारले’ या वाक्यात कर्ता बदलला काय आणि कर्म बदलले काय, ‘मारले’ तसेच राहते. एवढे झाल्यावर कर्तरी, कर्मणी व भावे ही नावे सांगावीत. नाव शेवटी आले म्हणजे ते विसरत नाही, कारण ज्याला ते दिले ती वस्तू मुलाच्या परिचयाची झालेली असते.

साधने परिसरातून घ्यावीत, हा विचार महाराष्ट्रास नवा नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे व पुढे १९५७ साली कोसबाड येथे अनुताई वाघ यांच्या सहकार्याने बालशिक्षणाचे जे कार्य केले, त्यात महागड्या परदेशी उपकरणांऐवजी खडे, शिंपले, पाने, बिया यांचा उपयोग झाला. त्यामागे काटकसर होतीच. पण मुलाने हाताळलेली व ओळखीची वस्तू त्यास अधिक शिकविते, ही जाणीवही होती. भाषेच्या वर्गास हेच तत्त्व लागू पडते. बाजारातील रंगीत तक्ता भिंतीवर वर्षभर टांगलेला राहतो आणि आठवड्याभरात दिसेनासा होतो. मुलांनी स्वतः केलेला तक्ता वाकडातिकडा असला तरी तिची नजर त्याकडे पुन्हा पुन्हा वळते.

शुद्धलेखनाकडे वळताना एक गोष्ट प्रथम ध्यानात घ्यावी. मराठीतील चुका बहुतांशी ऱ्हस्वदीर्घाच्या व जोडाक्षरांच्या असतात, आणि त्यांपैकी पुष्कळ चुकांमागे कारण सांगता येते. कारण सांगता येत असताना शब्द दहा वेळा लिहावयास लावणे हा काळाचा अपव्यय होय. चुकीचा शब्दही दहा वेळा लिहिला जाऊ शकतो. ‘विहीर’ लिहिताना ‘ही’ दीर्घ, पण ‘विहिरीवर’ लिहिताना ‘हि’ ऱ्हस्व. ‘मूल’ पण ‘मुलाला’, ‘फूल’ पण ‘फुलांचा’, ‘गरीब’ पण ‘गरिबाला’. हे शब्द मोठ्याने उच्चारून पाहावेत. ‘फूल’ म्हणताना स्वर लांबतो. ‘फुलांचा’ म्हणताना तो आखूड होतो. कानाला जे ऐकू येते तेच नियमाने कागदावर उतरविले आहे. ‘पाटील’ शब्दात तर ‘पाटलांच्या’ म्हणताना मधला ‘ई’ पार नाहीसा होतो. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द मात्र आपला हट्ट सोडीत नाहीत. ‘शरीर’ याचे ‘शरीराला’ व ‘परीक्षा’ याचे ‘परीक्षेला’ असेच राहते. मुलांनी वहीच्या एका पानाचे दोन भाग करावेत, एकीकडे बदलणारे शब्द व दुसरीकडे न बदलणारे, आणि रोजच्या वाचनात सापडतील तसे ते भरावेत. चार महिन्यांत त्या पानावर जो संग्रह होतो, त्याची बरोबरी छापील यादी करू शकत नाही.

ऱ्हस्वदीर्घाने अर्थही पालटतो, हे मुलांना आवडणारे खेळणे आहे. ‘दिन’ म्हणजे दिवस, ‘दीन’ म्हणजे गरीब बिचारा. ‘सुत’ म्हणजे मुलगा, ‘सूत’ म्हणजे धागा. ‘पिक’ म्हणजे कोकिळ, ‘पीक’ शेतातले. ‘शिर’ म्हणजे डोके, ‘शीर’ म्हणजे रक्तवाहिनी. अशा जोड्यांची पत्त्यांसारखी कार्डे करून अर्थाशी जुळविण्यास द्यावीत. जोडाक्षरांच्या बाबतीत पट्ट्याच पुन्हा कामी येतात. ‘महत्त्व’ या शब्दात दोन ‘त’ का, हे विचारल्यास पुष्कळ पदवीधरही निरुत्तर होतात. एका पट्टीवर ‘महत्’ व दुसरीवर ‘त्व’ लिहून ती शेजारी ठेवावीत. पहिलीचा एक ‘त’ व दुसरीचा एक, असे दोन स्पष्ट दिसतात. ‘तत्’ आणि ‘त्व’ मिळून ‘तत्त्व’ झाले. परंतु ‘कवि’ आणि ‘त्व’ मिळून ‘कवित्व’. तेथे पहिल्या पट्टीत ‘त’ नाही, म्हणून एकच. ‘उत्’ आणि ‘ज्वल’ एकत्र येताना ‘त्’ चा ‘ज्’ होतो, म्हणून ‘उज्ज्वल’ यात दोन ‘ज’. शब्द कसा घडला हे ज्याने पाहिले, त्यास तो पाठ करावा लागत नाही.

श्रुतलेखन ही जुनी पद्धती टाकाऊ नाही. ती वापरण्याची रीत मात्र बदलावी. शिक्षक एक एक शब्द तोडून सांगतो व मुले यंत्राप्रमाणे लिहितात, त्यात अर्थाकडे कोणाचेच लक्ष नसते. त्याऐवजी चारपाच वाक्यांचा उतारा नेहमीच्या गतीने दोनदा वाचावा; मुलांनी फक्त ऐकावे व मोजके शब्द टिपावेत. मग तिघातिघांनी मिळून तो उतारा पुन्हा जुळवावा आणि मूळाशी ताडून पाहावा. ‘तिने’ की ‘ती’, ‘होते’ की ‘होती’, यावर त्या तिघांत जो वाद होतो, तोच व्याकरणाचा खरा तास. वही तपासतानाही लाल शाईने प्रत्येक चूक दुरुस्त करून देण्याचा मोह आवरावा. ज्या ओळीत दोन चुका असतील, तिच्या समासात ‘२’ येवढाच आकडा घालावा. त्या दोन कोणत्या, हे लिहिणाऱ्याने शोधावे. पाटीवर चूक पुसली की तिचा मागमूस राहत नाही. वहीत ती राहते, आणि महिन्यापूर्वीचे पान उलटून मूल स्वतःची प्रगती पाहू शकते.

तिन्ही अंगांची परीक्षा एकदम घेणारे एक साधन अमेरिकेत विल्सन टेलर यांनी १९५३ साली सुचविले. एखादा मजकूर वाचकास कितपत सुगम आहे, हे पाहण्याकरिता त्यांनी त्यातून ठरावीक अंतराने शब्द गाळले आणि ते वाचकांकडून भरवून घेतले. मराठीस ही रीत विशेष मानवते, कारण मराठी शब्द एकटा येत नाही. तो लिंग, वचन व विभक्ती यांचा पोशाख चढवून येतो. ‘—— पोहरा सोडला’ येथे ‘ती’ चालत नाही, ‘तिने’ च हवे. ‘गोदा पहाटे —— गेली’ येथे केवळ ‘विहीर’ भागत नाही. ‘विहिरीवर’ हवे, आणि ते लिहिताना ‘हि’ ऱ्हस्व हवा. रिकामी जागा एक. पण ती भरताना अर्थ, रूप व लेखन ही तिन्ही जुळावी लागतात. एखाद्या वर्तमानपत्रातील शंभर शब्दांची बातमी घेऊन दर सातवा शब्द झाकला, तर मूल कोठे अडते हे घरबसल्या कळते. एकाहून अधिक उत्तरे बरोबर असू शकतात. उत्तर जुळते की नाही, याची चर्चा करणे हाच त्यातला लाभ.

शब्दकोश हेही असेच साधन. य. रा. दाते व चिं. ग. कर्वे यांच्या संपादकत्वाखाली १९३२ ते १९३८ या काळात सात खंडांत निघालेला ‘महाराष्ट्र शब्दकोश’ शाळेच्या ग्रंथालयात असावा, आणि मुलांच्या हाती एखादा लहान कोश असावा. कोशात ‘विहिरीवर’ सापडत नाही व ‘गेली’ही सापडत नाही. ‘विहीर’ व ‘जाणे’ येथवर पोहोचण्यास मुलास प्रत्यय सोडवून मूळ शब्द गाठावा लागतो. म्हणजे कोश उघडण्यापूर्वीच व्याकरण सुरू झालेले असते. वाचनाकरिता उतारेही चांगले हवेत. पुण्यात १९६७ साली स्थापन झालेले पाठ्यपुस्तक मंडळ, म्हणजे बालभारती, पाठ्यपुस्तकांबरोबर १९७१ सालापासून ‘किशोर’ हे मासिक काढीत आले आहे. त्याचे अंक, दिवाळीतील मुलांचे अंक, एस.टी.चे वेळापत्रक, औषधाच्या डबीवरील सूचना, घरी आलेले पत्र, या सर्वांत मुलास स्वतःच्या गरजेने वाचावयास लावण्याची शक्ती आहे.

आता हातातील दूरध्वनीवरही हवा तो पाठ मिळतो, पाठ्यपुस्तकावरील क्यूआर संकेत टिपला की धडा ऐकू येतो, आणि शब्द टंकू लागताच यंत्र पुढील अक्षरे सुचविते. या सोयी नाकारण्याचे कारण नाही. ज्या मुलाच्या घरी वाचून दाखविणारे कोणी नाही, त्यास त्यांचा मोठाच आधार आहे. परंतु यंत्र शब्द सुचविते तेव्हा निवड वाचकालाच करावी लागते. समोर ‘दिन’ व ‘दीन’ दोन्ही आले, आणि त्यांतील कोणता हवा हे मुलास ठाऊक नसेल, तर सोय असून गैरसोयच होते. तीच गोष्ट विकत मिळणाऱ्या स्वाध्यायपत्रांची. त्यांवरील प्रश्न झिंबूच्या जातीचे आहेत की गोदेच्या, येवढे पालकांनी पैसे मोजण्यापूर्वी पाहून घ्यावे.

आईवडिलांना याकरिता व्याकरणाचे पंडित होण्याची आवश्यकता नाही. रोज रात्री पंधरा मिनिटे मुलाबरोबर एक परिच्छेद वाचावा. एक दिवस वडिलांनी वाचावा, एक दिवस मुलाने. वाचून झाल्यावर पुस्तक मिटून ‘काय झाले ते तुझ्या शब्दांत सांग’ असे म्हणावे, आणि मग एकच ‘का’ विचारावा. मुलाने विचारलेल्या ‘का’ चे उत्तर आईवडिलांना आले नाही, तर दोघांनी मिळून कोश उघडावा. आठवड्यातून एकदा लग्नपत्रिकेच्या पट्ट्या पसरून दहा मिनिटे खेळावे. महिन्याभरात एक बदल जाणवेल. वाचताना मूल मध्येच थांबू लागेल. आधी ते घडाघडा वाचत होते, आता अडखळते, असे वाटून पालकांनी घाबरू नये. ते अक्षरांपाशी अडखळत नाही. गोदेने कळशी रिकामी का उचलली, याचा ते विचार करीत असते, आणि त्या वेळी त्यास घाई न करणे एवढेच थोरांचे काम उरते.